सर बाहेर गेले की चालणारी हार्ड डिस्क

आधीच सांगून टाकते, या भुताखेतांच्या ग्रुपवर मी फक्त वाचायला येते, आणि खरं सांगायचं तर हसायला. माझा लॅपटॉप दुरुस्तीचा धंदा आहे. आठवड्यातून एखादा तरी माणूस येतो आणि म्हणतो, "मॅडम, भूत शिरलं याच्यात, आपोआप बंद पडते." मी मागचं झाकण उघडते, ब्लोअर मारते, मूठभर धूळ आणि दोन मेलेल्या मुंग्या बाहेर काढते. भूत गेलं. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही... पण गेल्या वर्षी माझ्या टेबलावर जे झालं ते मला कोणत्याच बाजूने जुळवता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

माझं दुकान आरमोरीला आहे, जिल्हा गडचिरोली. बसस्टँडच्या समोरच्या गल्लीत खताचं दुकान आहे, त्याच्यावर. जिना चढलं की डावीकडे. एक मोठं टेबल, एक काचेची शोकेस, गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या. दिवाळी होऊन गेली होती. धानाची कापणी जोरात होती, खाली रस्त्यावर दिवसभर ट्रॅक्टर. हे सगळं दिवसाढवळ्या घडलं, हे मुद्दाम सांगते.

आधी माझ्या ताईबद्दल सांगावं लागेल. रेखाताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. भामरागडच्या पलीकडे, नाल्यापल्याडच्या एका गावात ती कंत्राटी शिक्षिका होती. पहिल्या वर्षी वर्गातल्या पोरी तिच्याकडे नुसत्या बघत बसायच्या, कारण त्यांना मराठी येत नव्हती आणि हिला गोंडी येत नव्हती. मग ताईनं शिकायला घेतलं. येर म्हणजे पाणी, पिट्टे म्हणजे पक्षी, इथून सुरुवात. शेजारच्या सोमीबाईला समोर बसवायची, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावायची आणि एकेक शब्द विचारायची. पुढे तिच्या लक्षात आलं की दवाखान्यात गेलेली माणसं नुसती "दुखते" एवढंच सांगू शकतात. कसं दुखतं... ठसठसतं की जळजळतं, हे डॉक्टरला कळतच नाही. तेव्हापासून तिनं दुखण्याचे शब्द गोळा करायला घेतले. चार वर्षं. सात-आठ वह्या भरल्या. रेकॉर्डिंगं इतकी झाली की लॅपटॉपमध्ये जागा उरेना. मी तेव्हा नागपूरला हार्डवेअरचा कोर्स करत होते. मी तिला एक टीबीची हार्ड डिस्क बसवून दिली. माझं पहिलं स्वतःच्या हातचं काम. डिस्कच्या पाठीवर लाल मार्करनं लिहिलं होतं, "ताई, सांभाळून!"

भाषांवर काम करणाऱ्या एका संस्थेचे सर अधूनमधून तिच्याकडे यायचे. खरं नाव देत नाही, आपण देशकर सर म्हणू. ताई फोनवर सांगायची, "सर म्हणतात याचं पुस्तक होते. सर लय मोठे आहेत." मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, ताईला ताप आला. मेंदूत चढलेला मलेरिया होता, ते नंतर कळलं. गावातल्या चार माणसांनी तिला खाटेवर घालून नाला ओलांडला, पण दवाखान्यात पोचायच्या आधी वाटेतच ती गेली.

आई आणि मी पाच दिवसांनी त्या गावात पोचलो. सोमीबाई आईच्या गळ्यात पडली आणि रडत रडत काहीतरी सांगत राहिली. आम्हाला गोंडी येत नव्हती. एकच शब्द कळत होता, "गाडी... गाडी..." आई म्हणाली, "हो बाई, गाडी असती तं वाचली असती." आम्हाला वाटलं ती तेच म्हणते आहे, गाडी नव्हती. खोलीत ना लॅपटॉप होता ना वह्या. महिन्याभरानं देशकर सरांचं पत्र आलं, अगदी सुंदर अक्षरात. रेखाच्या जाण्यानं आमचं नुकसान झालं, तिचं सगळं काम पुरात वाहून गेलं याचं दुःख आहे, वगैरे. आईनं ते पत्र देवघरात ठेवलं होतं. हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

आता गेल्या वर्षीचं.

सकाळी अकराच्या सुमारास एक गृहस्थ जिना चढून आले. सत्तरीचे असतील, पांढरा शर्ट, हातात बॅग. आवाज शांत, पुस्तकी मराठी.

"लॅपटॉप फार हळू चालतो आहे. आणि आतून आवाज येतो."

मी चालू केला. पाच मिनिटं झाली तरी स्क्रीनवर गोल फिरतंय. आतून टक... टक... टक. ज्याला माहीत आहे त्याला तो आवाज ऐकूनच कळतं. हार्ड डिस्क जायच्या बेतात.

"बॅकअप आहे का सर?"

"अर्धवट आहे, पेनड्राइव्हवर. जुना. माझं एक पुस्तक आहे यात... गोंडी-मराठी शब्दकोश. पुढच्या आठवड्यात प्रकाशकाला द्यायचं आहे. दुसरी प्रत नाही. काहीही करा, पण तेवढं काढा."

शब्दकोश ऐकून मी थोडी थबकले, पण तेवढंच. या भागात अशी कामं करणारी चार माणसं आहेत. मी मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं, डिस्क ओढून बाहेर काढली आणि उलटी केली.

"ताई, सांभाळून!"

लाल शाई फिकी पडली होती. पण माझं अक्षर मला ओळखता येणार नाही का? त्या उद्गारचिन्हाचा ठिपका मी बदामासारखा काढला होता, तोही होता.

खाली ट्रॅक्टर गेला, काच थरथरली. मी डिस्क हातात धरून उभी. ते समोर खुर्चीत, चष्मा पुसत होते. मला वाटलं आता माझ्या तोंडातून किंकाळी निघेल. पण मी रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, "नाव काय लिहू सर?"

त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. ताई फोनवर घ्यायची तेच नाव.

"हा लॅपटॉप तुमचाच ना, पहिल्यापासून?"

"लॅपटॉप माझाच. डिस्क मोठी हवी होती म्हणून एकाकडून जुनी बसवून घेतली होती. का हो?"

"काही नाही. विचारावं लागतं."

मनात काय चाललं होतं ते खरं खरं सांगते. ती डिस्क हातातून सोडायची, बस. फरशीवर पडली की संपलं. त्यांच्या पुस्तकाचं एक पान कोणाला मिळालं नसतं, आणि मला कोणी बोललंही नसतं. अशा मरायला टेकलेल्या डिस्क हातातच जातात. एकाच गोष्टीमुळे थांबले. त्यावर कधीकाळी ताईचा आवाज होता.

मी डिस्क माझ्या कॉम्प्युटरला जोडली. अशा वेळी फायली उघडत बसायच्या नसतात, अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची असते. ते सुरू केलं. टक-टक-टक. एकही भाग वाचला जाईना. केबल बदलली. पॉवर सप्लाय बदलला. पंखा बंद केला. टक-टक-टक.

अर्ध्या तासानं सर कंटाळले. "मी खाली चहा घेऊन येतो," म्हणाले आणि जिना उतरले.

टक-टक थांबली. डिस्क गुरगुरली आणि फिरायला लागली. स्क्रीनवर आकडा पुढे सरकला... एक टक्का, दोन टक्के. मला वाटलं गरम झाल्यावर डिस्कचं डोकं ठिकाणावर आलं असेल, होतं असं कधी कधी. दहा मिनिटांनी सर परत वर आले. दारात पाऊल टाकलं आणि — टक. टक. टक.

"अजून आवाज येतोच आहे," ते म्हणाले.

थोड्या वेळानं मी म्हणाले, "सर, खालून मला एक झेरॉक्स आणून देता का?" हातात एक जुनं बिल दिलं. ते गेले. डिस्क शांतपणे चालायला लागली. ते आले. टक-टक-टक. मग म्हटलं लाकडी जिना आहे, त्यांच्या चालण्याचा हादरा बसत असेल. मी स्वतः जिन्यावरून दोनदा धाडधाड वर-खाली केलं, ते खुर्चीत असताना. टक-टक तशीच. तिसऱ्यांदा त्यांना फक्त दाराबाहेर गॅलरीत उभं राहायला सांगितलं, "इथे वास येईल केमिकलचा" म्हणून. बाहेर गेले, चालू. आत आले, बंद.

माझ्या अंगावर काटा आला. आणि कोणाला वाईट वाटेल तर वाटो, पण मला आनंद झाला. आयुष्यात तसा आनंद कधी झाला नव्हता.

"सर, तुम्ही घरी जा. उद्या अकराला या."

ते गेल्यावर डिस्क एकदाही अडली नाही. दुपारी तीनपर्यंत अख्खी उतरली.

आता यातली तांत्रिक गोष्ट समजून घ्या, कारण ग्रुपवर लगेच कोणीतरी "डेटा रिकव्हरीत होतं असं" म्हणणार. ती डिस्क सरांनी फॉरमॅट केलेली होती आणि त्यावर पाच-सहा वर्षं स्वतःचं काम ठेवत आले होते, इतकं की ती जवळजवळ भरलेली होती. फळा पुसून त्यावर रोज दुसऱ्यानं लिहिलं तर पहिलं अक्षर परत दिसेल का? नाही दिसत. मी उतरवलेल्या प्रतीवर रिकव्हरी लावली तेव्हा फार तर ताईच्या फायलींची नावं मिळतील, एवढीच आशा होती.

तिच्या सगळ्या फायली आल्या. एकूण एक, तिच्या फोल्डरमध्ये, तिनं दिलेल्या नावांनी. "सोमीबाई - झाडं." "सोमीबाई - पोटाचं दुखणं." प्रत्येक रेकॉर्डिंग उघडत होतं आणि सुरुवातीला ताईचा आवाज, "मी रेखा बोलून राह्यली..."

आणि सरांचं? नावं होती. शब्दकोशाची फाइल उघडली तर तीनशेच्या वर पानं. प्रत्येक पानाखाली नंबर. वर काहीच नाही. सगळी पानं कोरी. मी त्या फाइलला हात लावला नव्हता, हे आईची शपथ घेऊन सांगते.

ताईच्या फोल्डरमधली शेवटची फाइल सगळ्यात मोठी होती. मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि हेडफोन घातले.

पाऊस ऐकू येत होता. ताईचा आवाज इतका बारीक झालेला की मी ओळखलाच नाही. ती सोमीबाईला विचारत होती, थंडी वाजून अंग हलतं त्याला काय म्हणायचं. स्वतः तापानं फणफणलेली असताना तापाचे शब्द घेत होती! सोमीबाई सांगायची, ताई कुडकुडत परत म्हणायची. मग बाहेर गाडी थांबली. दार वाजलं. आणि तो शांत, पुस्तकी आवाज.

"अगं रेखा, झोपून का?"

"सर, बरं झालं आले. मले घेऊन चला ना गाडीत. दवाखान्यापर्यंत. बसवत नाई, पण पडून येतो."

"नाला चढतो आहे गं. मी उद्या सकाळी गाडी पाठवतो. तोवर या वह्या आणि लॅपटॉप माझ्याकडे दे. इथे ओल लागेल."

"वह्या राहू द्या सर..."

"मी जपून ठेवतो. तू झोप."

सोमीबाई मोठ्यानं गोंडीत काहीतरी म्हणत होती, आणि त्यात पुन्हा पुन्हा तोच शब्द — "गाडी, गाडी." तेव्हा मला समजलं. ती आम्हाला गाडी नव्हती असं सांगत नव्हती. गाडी आली होती, हे सांगत होती.

मग धप्प असा आवाज. लॅपटॉपचं झाकण मिटलं. रेकॉर्डिंग तिथे संपायला हवं होतं.

संपलं नाही. गाडीच्या इंजिनाचा आवाज आला, वायपरची कुरकुर. एक माणूस म्हणाला, "साब, बाईले घ्या लागत होतं. मांगची सीट रिकामीच हाय."

आणि सर म्हणाले, "मागे वह्या आहेत. भिजतील. चल तू."

त्यानंतर नुसता पाऊस.

घरी गेले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काऊन वं, चेहरा काऊन असा?" मी म्हटलं डोकं दुखते. देवघरातलं ते पत्र काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकराला सर आले. हसतमुख. "निघालं का माझं पुस्तक?"

"बसा सर."

मी आधी त्यांना त्यांची फाइल दाखवली. ते एकेक पान खाली सरकवत गेले. पन्नास पानं गेली, शंभर गेली. कपाळावर घाम आला.

"हे काय आहे? शब्द कुठे आहेत?"

"ज्याचे होते त्याच्याकडे गेले."

त्यांना काही कळेना. मी डिस्क उलटी करून त्यांच्यासमोर ठेवली. "हे अक्षर माझं आहे, सर. रेखा माझी मोठी बहीण."

त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पण माणूस सराईत होता. दोन मिनिटांत सावरले. म्हणाले, "बाळ, मला कल्पना नव्हती. तुझ्या बहिणीचं ऋण मी प्रस्तावनेत मान्य करणारच होतो. तिचं काम माझ्यामुळेच तर वाचलं..."

मी स्पीकर लावला आणि फाइल सुरू केली.

ताईचा आवाज खोलीत भरला. "मले घेऊन चला ना" आलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. "मी गाडी पाठवणार होतो," ते पुटपुटले. "नाला उतरलाच नाही."

"चार माणसांनी खाट खांद्यावर घेऊन तोच नाला ओलांडला, सर. त्याच पाण्यातून."

झाकण मिटल्याचा धप्प आवाज आला. ते उठायला लागले, त्यांना वाटलं संपलं. मी म्हटलं, "बसा. अजून आहे."

वायपरची कुरकुर सुरू झाली आणि त्या माणसाच्या चेहऱ्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. तोंड उघडं राहिलं. "मागे वह्या आहेत. भिजतील." त्यांचाच आवाज, स्वच्छ, शेजारी बसून बोलावं तसा.

"हे... हे शक्य नाही," ते म्हणाले. "लॅपटॉप बंद होता. मी स्वतः बंद केला. बटण दाबून बंद केला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टपावर बांधला होता. सामानात. हे मी आत बोललो होतो, ड्रायव्हरशी. हे तिला कसं... कोणालाच कसं..."

म्हणजे बघा, मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. झाकण मिटून रेकॉर्डिंग चालू राहतं तशी सेटिंग असते, मी मनाची तीच समजूत घातली होती. ती समजूत त्यांनी स्वतःच मोडली.

"अजून एकदा लावू का सर?"

ते लॅपटॉप, बॅग, चष्म्याचं घर, सगळं तिथेच टाकून जिना उतरले. पर्समधलं पत्र काढून मी त्यांच्यामागे धावले आणि खालच्या पायरीवर त्यांच्या हातात कोंबलं. "हे आमच्या देवघरात होतं," म्हटलं. "आता तुमच्या ठेवा."

पुढचं थोडक्यात. त्यांच्या बॅगेतल्या कागदांवर प्रकाशकाचा पत्ता होता; त्याला मी रेकॉर्डिंग पाठवलं आणि पेनड्राइव्हवर जे अर्धवट उरलं होतं तेही पुस्तक थांबलं. ताईची दुखण्याच्या शब्दांची यादी आता तिकडच्या काही नर्सबाईंच्या मोबाइलवर आहे, तिच्याच आवाजात. आईला मी बाकी सगळं ऐकवलं, शेवटची फाइल मात्र नाही. तिला ती कधीच ऐकवणार नाही.

एकदा नागपूरला गेले तेव्हा ती डिस्क माझ्या ओळखीच्या एका लॅबमध्ये घेऊन गेले. म्हटलं उघडून बघा, नेमका बिघाड काय आहे. तासाभरानं तिथल्या भाऊंनी मला आत बोलावलं. आतली चकती आरशासारखी असते, तुम्ही फोटोत पाहिली असेल. ही पार खरवडलेली होती. गोल गोल चरे, चांदी निघून गेलेली, आत राखेसारखी भुकटी.

"वाचायची सुई तुटलेली आहे," ते म्हणाले. "आणि आजची नाही. ही भुकटी सगळीकडे बसली आहे, म्हणजे फार जुनं आहे. हिच्यातून तुम्ही काय काढलं म्हणता?"

"सगळं."

"बाई, हिच्यातून एक अक्षर निघू शकत नाही."

मी त्यांना ताईचं एक रेकॉर्डिंग लावून दाखवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा चकतीकडे बघत बसले. याचं उत्तर कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. तांत्रिक असेल तर आणखी बरं. पण ताईला शांती मिळाली का, पूजा घातली का, असलं मला विचारू नका. शांती मिळावी अशी माझी इच्छा नाही. अजून तरी नाही.

कारण देशकर सरांचा फोन येतो. दर पंधरा-वीस दिवसांनी, सकाळीच. त्यांना झोप लागत नाही असं ऐकलं आहे. फोनवर इकडचं तिकडचं काही बोलत नाहीत. एकच विचारतात, खालच्या आवाजात.

"त्यातून अजून काही निघालं का?"

डिस्क लॅबच्या डब्यात, दोन तुकड्यांत, माझ्या कपाटात पडलेली आहे. त्यातून आता काही निघणार नाही, हे मला माहीत आहे.

"हो सर," मी म्हणते. "अजून निघून राह्यलं."